‘वाळूचा ढिगारा’ सपाट केला तर बिघडलं कुठं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रेतीवरच्या, वाळूच्या टेकड्या पार्किंगसाठी सपाट करू नयेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की आमच्या आज्या-पणज्यांनी हेच ढिगारे मोडून वाड्या केल्या, गाव काही बुडालं नाही. समुद्र अडवायला बंधारा आणि सुरूची झाडं आहेतच. आणि सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना आळा घालणाऱ्या नियमांचा, बडगा फक्त गाववाल्यांवर, हॉटेलवाल्यांना सगळं माफ.

आज्यांपासूनच सुरू करू. त्यांनी टेकड्या मोडल्या हे खरं, पण कुठल्या? गुहागरची जुनी मांडणी बघा. रस्त्यालगत घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीपलीकडे समुद्राकडचा पट्टा मोकळा. त्यांनी मागची वाळू सपाट केली. समुद्राच्या तोंडावर घर बांधायचं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या वाड्यांच्या विहिरींना, लाटांचा आवाज ऐकू येतो इतक्या जवळ, गोडं पाणी लागतं, कारण पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असली, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे उलटही तितकंच खरं: वर पेव्हर ब्लॉक बसवून मुरणं बंद केलं आणि खालून पंपाने उपसा वाढवला, की पातळी थोडी जरी उतरली तरी खारं पाणी कितीतरी वर चढतं. आज्याकडे रहाट होता. होमस्टेच्या टाक्या रहाटाने भरत नाहीत.

आता ‘ढिगारा’. एप्रिलात दुपारी वायव्येचा वारा सुटला की पुळणीवर घोट्याएवढ्या उंचीवर वाळू पळताना दिसते. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीजवळ उकिडवे बसून बघा. टोकाला दुभागलेल्या त्या जाड पानावर वारा अडतो, जोर मोडतो, आणि पानामागे बोटभर लांबीची वाळूची शेपटी साचते. वेल गाडली गेली की मरत नाही. पेरापेराला मुळं फोडून वर येते आणि पुन्हा वाळू अडवते. टेकडी अशी चढत जाते. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा तिचा पायथा कातरतात आणि ती वाळू थोडी आत नेऊन समुद्राच्या तळावर पसरतात. तिथं पाणी उथळ होतं आणि पुढच्या लाटा किनाऱ्यापासून लांबच फुटायला लागतात. पाऊस सरला, समुद्र निवळला, की तीच वाळू लाटांबरोबर हळूहळू परत येते. पावसाळ्याच्या बेगमीला भरून ठेवलेली कणगीच ही. तुम्ही ती डंपरने रिकामी केलीत, तर उधाण थांबत नाही, ते वाडीची माती उचलतं.

बंधाऱ्याबद्दल मी तुमच्याइतका निर्धास्त नाही. लाट दगडावर आपटून परत फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण खाली जाते, दगड खचतात, पुन्हा निविदा निघते. बंधारा संपतो तिथून पुढची वाडी ढासळायला लागते, ती बहुतेक वेळा ज्याचा बंधाऱ्याशी काही संबंध नव्हता अशा माणसाची. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जागा उरत नाही, कासवीला अंडी घालायला वर चढता येत नाही. देवबागसारखी चिंचोळी पट्टी, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, तिथल्या लोकांनी बंधारा मागितला तर त्यांना नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घर पडायला आलेल्या माणसाला वेलीचं महत्त्व सांगू नये. पण जिथं टेकडी अजून शाबूत आहे, तिथं ती मोडून बंधारा मागणं याला काय म्हणावं?

सुरू वाडीला वाऱ्याचा आडोसा देतो, हे मान्य. पण हे झाड मूळचं इथलं नव्हे, आणि त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली मर्यादवेल तग धरत नाही. लाटांनी कापलेली सुरूची कड उभीच्या उभी राहते, मुळं हवेत लोंबकळतात, वाळू काही धरत नाहीत. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे किती सुरू आडवे झाले, ते आठवा.

सीआरझेडचं मात्र तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. रापणकरांच्या झापाच्या मांडवाला नोटीस आणि शेजारी काँक्रीट, हे मीही पाहिलंय. पण कायदा टेकडीच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे: 1991 च्या अधिसूचनेपासून वाळूच्या टेकड्यांत फेरफार करायला मनाई आहे, आणि 2019 च्या अधिसूचनेत त्या सीआरझेड-1 अ मध्ये, म्हणजे खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागांच्या बरोबरीने, येतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीत मच्छीमारांसह स्थानिकांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत, अशीही तरतूद आहे. तुमच्या तालुक्यातून त्यावर कोण आहे ते आधी विचारा, आणि त्या हॉटेलची तक्रार नकाशावरच्या सर्व्हे नंबरासह द्या. अर्जाचा मसुदा करायला मी मदत करतो.

पार्किंग रस्त्याच्या अलीकडे करा. समुद्राकडे जायला एकच वाट ठेवा, तीही तिरकी. सरळ वाट काढली की वारा तिथूनच टेकडी फोडतो. उघड्या पडलेल्या जागी नारळाच्या झावळ्या उभ्या रोवा आणि मृगाचा पाऊस पडला की मर्यादवेलीचे तुकडे लावा. खर्च म्हणाल तर मजुरीपुरता.