वल्हं कुणाच्या हातात होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

कनू-प्रवासांवरच्या (कनू म्हणजे वल्ह्याने हाकायची हलकी, निमुळती होडी) माझ्या आवडत्या पुस्तकांचा लेख टाकला, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. ती मी काढलेली नाही, कुणालाही वाचता येईल. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की लेख फार लांबला आहे. नर्मदा एवढी जवळ असताना कॅनडातल्या नद्या कशाला हव्यात? यादीतली पुस्तकं सगळी गोऱ्यांची, तिथल्या मूळ रहिवाशांचा त्यात एक शब्द नाही. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘ज्या काकूंनी जन्मात वल्हं हातात धरलं नाही, त्यांनी नदीच्या पुस्तकांवर धडे देऊ नयेत.’

लेख लांबला हे खरं. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनवरचा मजकूर निम्म्यावर आणता आला असता. मान्य.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. आपली ओळख नाही. लेखाखाली माझं नाव आहे, त्या नावाने तुम्हाला लिहिता आलं असतं. हाच लेख एखाद्या निवृत्त गृहस्थांनी लिहिला असता तर तुम्ही त्यांना ‘ज्या काकांनी’ म्हणून हिणवलं असतं का? नसतं. त्यांना ‘सर’ म्हणून सुरुवात केली असती आणि पुस्तकांबद्दल विचारलं असतं. मतभेद मला चालतात. या ब्लॉगवर इतकी वर्षं लोक माझ्याशी भांडत आले आहेत आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं आहे. पण बाईने नदीवर लिहिलं की आधी तिचे हात तपासायचे, ही पद्धत मला चालत नाही.

आणि हातांचं म्हणाल तर ऐका. माझं आजोळ मंडलेश्वरचं. मामांच्या घरापासून घाटाच्या पायऱ्या उतरल्या की नर्मदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं केवटांच्या नावेत बसून पलीकडे जायचो. मामांच्या ओळखीचा एक म्हातारा केवट मला वल्हं मारू द्यायचा. समोरच्या घाटावर नाक धरून नाव सोडली तर धार तिला पार खाली ओढून नेते. नाव धारेच्या उलट तिरकी धरून वल्हवत राहायचं, म्हणजे ती आडवी सरकते. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. पुढे इंदूरला कॉलेजात असताना नौकानयनाच्या शिबिराला नाव दिलं, फी भरली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला की मुलींची सोय होणार नाही. त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. पण वल्हं हातात न धरल्याबद्दल बाईला जाब विचारायच्या आधी, ते तिच्या हातात कुणी येऊ दिलं नाही हेही एकदा विचारून बघा.

हे सगळं सांगायची मला गरज नव्हती. तुम्ही काही माहीत नसताना ठामपणे लिहिलंत म्हणून सांगितलं. समजा मी मंडलेश्वर पाहिलंच नसतं, जन्म सगळा इंदूरच्या रामबागेतल्या घरात गेला असता, तरी तुमची अट चुकीचीच ठरली असती. अमीर खाँसाहेबांच्या या शहरात दर्दी श्रोत्याला कुणी ‘आधी तानपुरा लावून दाखवा’ म्हणत नाही.

शिवाय तुमची अट लावली तर यादीतले निम्मे लेखकच बाद होतील. स्टीव्हन्सन १८७६मध्ये मित्राबरोबर बेल्जियम आणि फ्रान्सच्या कालव्यांतून, नद्यांतून निघाला, तेव्हा शिडाच्या कनूत तो यापूर्वी कधी बसलेलाच नव्हता. ते तो स्वतः लिहितो. पुढे वाज नदीला पूर आलेला असताना आडव्या पडलेल्या झाडाने त्याला कनूतून उचललं. कनू पुढे वाहून गेली, हा फांदीला लटकून राहिला, पण वल्हं सोडलं नाही. आपल्या थडग्यावर तेवढंच कोरावं असं तो म्हणतो. त्या प्रवासाचं पुस्तक १८७८मध्ये आलं. त्याचं पहिलंच पुस्तक.

एरिक सेव्हराइड १७ वर्षांचा होता आणि त्याचा मित्र वॉल्टर पोर्ट १९चा. १९३०मध्ये शाळेतून बाहेर पडल्या पडल्या दोघे मिनियापोलिसहून एका जुन्या, वापरलेल्या कनूत निघाले ते थेट हडसन उपसागरावरच्या यॉर्क फॅक्टरी या व्यापारी ठाण्याला. सव्वादोन हजार मैल, म्हणजे ३,६०० किलोमीटरच्या आसपास. कसलेले नावाडी ते नव्हतेच. पुस्तकाच्या उत्तरार्धात दोघे थकून, भिजून एकमेकांवर इतके चिडतात की हातघाईवर येतात, आणि ते सगळं तो लपवत नाही. म्हणून ते पुस्तक मला आवडतं. पुढे तो अमेरिकेतला नावाजलेला बातमीदार झाला, पण या पुस्तकात तो फक्त एक घाबरलेला, हट्टी मुलगा आहे. यादीतला आर. एम. पॅटरसन बँक ऑफ इंग्लंडमधली नोकरी सोडून कॅनडाला गेला आणि १९२७मध्ये नहानी नदीवर पोचला. तिथल्या पाण्याशी कसं वागायचं, हे त्याने आल्बर्ट फेल नावाच्या जाणत्या माणसाकडून घेतलं. अमेरिकी लेखक थोरोला मेन राज्यातल्या जंगलात जो पॉलिस या पेनॉब्स्कॉट जमातीच्या वाटाड्याने नेलं. १८५७च्या त्या प्रवासाची कनू पॉलिसने स्वतःच्या हाताने बांधलेली, बर्च झाडाच्या सालीची.

मग मीना हबर्डचं काय करणार? यादीत तिला मी सगळ्यांत वर ठेवलं होतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचं नावसुद्धा नाही. तिचा नवरा लिओनिडस १९०३मध्ये ईशान्य कॅनडातल्या लॅब्राडोरच्या आत शिरला. सोबत मित्र डिलन वॉलेस आणि वाटाड्या जॉर्ज एल्सन. नास्कॉपी नदी समजून ते भलत्याच ओढ्याने वर गेले, खाणं संपलं, थंडी आली आणि ऑक्टोबरात लिओनिडस तंबूत उपासमारीने गेला. एल्सन बर्फ तुडवत मदत आणायला गेला, म्हणून वॉलेस वाचला. वॉलेसने १९०५मध्ये त्या मोहिमेचं पुस्तक काढलं. त्यात नवरा जसा दिसतो तसा तो नव्हता, असं मीनाला वाटलं. ती पेशाने परिचारिका. तिने स्वतःची मोहीम काढली. त्याच वर्षी जूनमध्ये ती आणि वॉलेस एकाच व्यापारी ठाण्यावरून, वेगवेगळ्या तुकड्या घेऊन निघाले. ऑगस्टच्या शेवटी ती अंगावा उपसागरावरच्या ठाण्याला पोचली. वॉलेस पोचला ऑक्टोबरात.

आता तुमची अट लावा. मीनाच्या दोन कनू वल्हवल्या त्या जॉर्ज एल्सन, जोसेफ इसेरहॉफ, जॉब चॅपीज आणि गिल्बर्ट ब्लेक यांनी. ती बहुतेक वेळ कनूत बसून होती आणि टिपणं, मोजमापं घेत होती. त्या मोजमापांवरून झालेला नकाशा पुस्तकात आहे. हजारोंनी निघालेली कॅरिबू हरणं पाहून ती लिहिते, ते वाचताना मी पुस्तक खाली ठेवू शकले नव्हते. धबधब्यांपाशी चौघे सामान आणि कनू खांद्यावर घेऊन कडे चढतात, आणि ही मागे राहून त्यांची काळजी करते, ते प्रसंग तर मी कितीदा वाचले असतील. वल्हं तिच्या हातात नव्हतं म्हणून तिनेही लिहू नये? १९०५मध्येही तिला असंच बोलणारे होतेच. तिच्या मोहिमेवर तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले.

नर्मदेबद्दल. इंदूरच्या नळाला १९७८पासून जलूदचं नर्मदेचं पाणी येतं, तेव्हा तिची आठवण मला कुणी करून द्यायला नको. परिक्रमेची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, अमृतलाल वेगडांची तर जिल्द निघाल्यावर पुन्हा बांधून घेतलेली आहेत. पण परिक्रमा पायी होते. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाही, मुखापाशी समुद्रातून पलीकडे जातानाच काय तो नावेत बसतो. माझा लेख पाण्यावरून केलेल्या प्रवासांचा होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

राहिला गोऱ्यांचा मुद्दा. त्यावर वाद घालण्यापेक्षा एक माहिती देते. मीना हबर्डच्या १९०८च्या पुस्तकात शेवटी दोन मजकूर जोडलेले आहेत. एक लिओनिडसची दैनंदिनी, आणि दुसरं जॉर्ज एल्सनने स्वतः लिहिलेलं त्या १९०३च्या शेवटच्या दिवसांचं निवेदन. एल्सनची आई क्री, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि वडील स्कॉटिश. तुम्ही ‘एक शब्द नाही’ असं लिहिलंत. शब्द आहेत, पुस्तकाची शेवटची पानं उघडली असती तर सापडले असते. मालकाचा मृत्यू, अंगावर घातलेलं पांघरूण, मोकासिन म्हणजे कातडी जोडे उकळून खाणं, हे सगळं त्याने साध्या वाक्यांत लिहिलं आहे आणि वॉलेसच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. एल्सनचं निवेदन वाचा. ते वाचून मी काही चुकीचं लिहिलंय असं वाटलं तर जरूर सांगा, मी बसून सविस्तर उत्तर लिहीन. पुन्हा माझ्याबद्दलच लिहिणार असाल तर ती प्रतिक्रिया मी छापणार नाही.