लिव्हरपूलचं काय?
टॅब्लॉइड म्हणजे सनसनाटी वृत्तपत्रं जे छापतील ते ब्रिटिश वाचक निमूट गिळतो, हे लेखातलं विधान पटलं नाही. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल क्लबच्या फुटबॉल सामन्यात चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. चारच दिवसांनी 'द सन' या टॅब्लॉइडने 'द ट्रुथ' असा ठळक मथळा देऊन पहिल्या पानावर छापलं की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली. धादांत खोटं! लिव्हरपूल शहरानं त्या पेपरवर बहिष्कार घातला तो घातलाच. आजही तिथले कित्येक दुकानदार तो ठेवत नाहीत. तेव्हाचे संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी नीट माफी मागितली ती थेट २०१२ मध्ये, तीही स्वतंत्र समितीच्या अहवालाने दोष प्रेक्षकांवर ढकलण्याची पोलिसांची बनवाबनवी उघडी पाडल्यावर. २०१७ मध्ये तर लिव्हरपूल आणि एव्हर्टन या शहरातल्या दोन्ही फुटबॉल क्लबांनी सनच्या वार्ताहरांना दारं बंद केली. (एरवी हे दोघे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी, हे फुटबॉलवाल्यांना ठाऊक आहेच.) बाकी इंग्लंडात मात्र सन पुढेही वर्षानुवर्षं धडाक्यात खपत राहिला, तेव्हा लेखकाचं म्हणणं तेवढ्यापुरतं मान्य.