सव्वीस वेळा अव्वल, डर्बी एकदाच

रेसचा विषय निघाला की एक मेसेज हमखास पुढे ढकलला जातो. माझ्याकडे तो आतापर्यंत तीन ग्रुपांवरून आला आहे. मजकूर साधारण असा: ‘धावतो घोडा, कौतुक जॉकीचं. ब्रिटनमध्ये जो डर्बी जिंकतो त्याला चॅम्पियन जॉकी म्हणतात. त्यासाठी जन्मतः बुटकं असावं लागतं आणि एखाद्या लॉर्डच्या तबेल्यात वशिला असावा लागतो.’ यातल्या एकाच मुद्द्यात थोडं तथ्य आहे. त्याकडे शेवटी येतो.

डर्बीचं आधी घेऊ, कारण ती चूक सगळ्यांत ढोबळ. डर्बी म्हणजे इंग्लंडमधल्या एप्समला वर्षातून एकदा होणारी दीड मैलाची एक रेस. चॅम्पियन जॉकी ठरतो तो सीझनभरात किती रेस जिंकल्या त्यावर. आडगावच्या कोर्सवर पावसात, चार डोकी बघायला असताना जिंकलेली रेस आणि लाखभर लोकांसमोर जिंकलेली डर्बी, दोन्हींचा या हिशेबात भाव सारखाच.

गॉर्डन रिचर्ड्स 1925 ते 1953 या काळात 26 वेळा चॅम्पियन झाला. एकूण विजय 4,870. 1947 च्या एका सीझनमध्ये 269. आणि डर्बी? वर्षामागून वर्षं गेली, हाती काही लागेना. अखेर 6 जून 1953 ला, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानंतर चौथ्या दिवशी, तो पिंझावर बसून जिंकला, आणि दुसरा आला तो खुद्द राणीचा घोडा ऑरिओल! ‘सर’ हा किताबही त्याला त्याच आठवड्यात जाहीर झाला होता. पिंझाचा मालक सर व्हिक्टर ससून. मुंबईच्या ससून डॉकला आणि पुण्याच्या ससून हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे, त्याच घराण्यातला.

आता याच्या उलट माणूस बघा. चार्ली स्मर्कने डर्बी चार वेळा जिंकली. पहिली 1934 ची, राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडवर. पुढे 1948 मध्ये बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या माय बाबूवर त्याने टू थाउजंड गिनीज ही दुसरी मानाची रेसही मारली. (घोड्याला ‘माय बाबू’ नाव दिलेलं पाहून मला आजही हसू येतं.) हा स्मर्क चॅम्पियन जॉकी किती वेळा झाला? एकदाही नाही.

बुटकेपणाचं म्हणाल तर रिचर्ड्स ठेंगणा होता, मान्य. पण 1874 पासून सलग 13 वर्षं चॅम्पियन राहिलेला फ्रेड आर्चर सुमारे पावणेसहा फूट उंच होता. लेस्टर पिगॉट 11 वेळा चॅम्पियन, त्याला रेसवाले ‘लाँग फेलो’ म्हणायचे. अडथळ्यांच्या रेसमध्ये सलग 20 वेळा चॅम्पियन झालेला टोनी मॅकॉय पाच फूट दहा इंच. या तिघांनाही वजन मारून मुटकून खाली ठेवावं लागलं. पिगॉटच्या कॉफी आणि सिगारवर दिवस काढण्याच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. मॅकॉय कढत पाण्याच्या टबात बसून घाम काढायचा. आर्चर जुलाबाचं एक जालीम मिश्रण घ्यायचा. ते त्याच्याच नावाने ओळखलं जाई. 1886 च्या केंब्रिजशायर रेससाठी त्याने असंच शरीर झिजवलं, तरी घोड्यासाठी ठरलेल्या वजनापेक्षा एक पौंड जास्तच भरला, आणि सेंट मिरिन हा त्याचा घोडा फक्त डोक्याच्या अंतराने हरला. पाठोपाठ त्याला विषमज्वर झाला. दोन वर्षांपूर्वी बायको बाळंतपणात गेली होती, ते दुःखही होतंच. 8 नोव्हेंबरला, तापातच, त्याने जीव दिला. वय 29. तोवर 2,748 रेस जिंकून झाल्या होत्या. ‘जन्मतः बुटकं असलं की झालं’ लिहिणाऱ्याने एवढं तरी वाचायला हवं होतं.

‘धावतो घोडा’ हे खरंच, पण त्याला धावायला लावतो कोण? 1880 मध्ये एका चिडक्या घोड्याने आर्चरचा दंड चावून फाडला. महिन्याभरात तो हाताला लोखंडी पट्टी बांधून डर्बीत उतरला आणि बेंड ऑरवर डोक्याभराने जिंकला. ऑक्टोबर 1933 मध्ये रिचर्ड्सने ओळीने 12 रेस मारल्या: नॉटिंगहॅमची शेवटची, दुसऱ्या दिवशी चेपस्टोच्या सहाच्या सहा, तिसऱ्या दिवशी तिथल्याच पहिल्या पाच. इतके वेगवेगळे घोडे एकदमच अंगात आल्यासारखे पळाले म्हणायचं का? आणि 2009 ची, चेल्टनहॅमच्या कोर्सवरची, विचिटा लाइनमन या घोड्याची रेस बघाच. घोड्याचं मन लागत नव्हतं, उड्या चुकत होत्या, मॅकॉय सुरुवातीपासून त्याला अक्षरशः ढकलत होता. शेवटच्या काही ढांगांत त्याने पुढचा घोडा गाठला.

राहिला वशिला. मोठ्या तबेल्याचं पाठबळ लागतं, यात वाद नाही. चांगले घोडे तिथेच असतात. पण ते पाठबळ मिळवावं लागतं. रिचर्ड्स श्रॉपशायरच्या खाणकामगाराचा मुलगा. आर्चर अकराव्या वर्षी न्यूमार्केटला मॅथ्यू डॉसन या ट्रेनरकडे उमेदवारीला लागला. आणि पाठबळ मिळूनही चॅम्पियनच्या किताबाची खात्री नसते. 1963 मध्ये पिगॉट 27 वर्षांचा होता, ट्रेनर नोएल मरलेसचा बलाढ्य तबेला त्याच्या मागे होता. तरी किताब नेला 49 वर्षांच्या स्कोबी ब्रीझली या ऑस्ट्रेलियनने. विजय 176 विरुद्ध 175.