तायकिळ्याची मुळी आणि गोवा पावडर

नमस्कार ताई,

"तायकिळ्याच्या (टाकळ्याच्या) मुळीला अंधश्रद्धा म्हणणारे तुम्ही कोण? आमच्या आजीने अर्ध्या वाड्याचं गजकर्ण बरं केलं," असं तुम्ही सुनावलंत, वर मला औषध कंपन्यांचा हस्तकही ठरवलंत. हस्तक असतो तर निदान चवथीला मिठाईचा पुडा तरी आला असता! पण 'अंधश्रद्धा' हा शब्द चुकलाच. मागे घेतो.

संस्कृतात तायकिळ्याला दद्रुघ्न (गजकर्णाचा नाश करणारा), चक्रमर्द म्हणतात ते उगीच नव्हे. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं. त्याच कुळातलं द्रव्य असलेलं गजकर्णाचं एक औषध तर आपल्याच नावाने जगात विकलं गेलं: गोवा पावडर. गंमत म्हणजे ती मुळात गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधल्या बाहियातल्या अरारोबा झाडाच्या खोडात, भेगांमध्ये साठणारी ही पिवळसर भुकटी. पोर्तुगिजांमार्फत इथे आली, इथून पुढे गेली आणि नाव आपलं लागलं. गजकर्णावर ती चालायची, पण कातडी भाजायची, कपड्यांवर डाग पाडायची, डोळ्यात गेली तर हाल. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत तिला पर्याय म्हणून डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध आलं. ते आजही सोरायसिसवर वापरतात.

म्हणजे झाडात औषध आहे, यावर आपलं भांडण नाहीच. माझी तक्रार मात्रेची आहे. प्रयोगशाळेत गजकर्णाची बुरशी मारणारा अर्क बहुतेकदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो, तोही बशीतल्या बुरशीवर. आपण मुळी लिंबाच्या रसात पाट्यावर वाटतो. त्यात किती काय उतरलं, कोण जाणे.

मीही वाटली होती. पावसात ओल्या जीन्सने फोंडा-पणजी स्कूटर हाणून कमरेवर चकती उठली. मधे कातडी साफ, कडेला लाल, खवल्यांची रेघ. लेपाने तिसऱ्या दिवशी फोड आले आणि रेघ बोटभर पुढे सरकली. मग फार्मसीतून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब! आत स्टेरॉइड होतं, खाज दाबणारं पण बुरशी वाढू देणारं. महिन्याभरात मांड्याही भरल्या. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कडेचा कोंडा खरवडला, काचेवर थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात बुरशीचे धागे दाखवले. त्यानंतर गोळ्या, नेमाने, कित्येक आठवडे.

तेव्हा ट्यूबचाही मी वकील नाही. तुमच्या आजी मुळी ताजी घ्यायच्या की सुकवलेली? लेप किती वेळ ठेवायच्या? आणि कोणाला फोड आले तर काय करायच्या? आठवत असेल तर जरूर लिहा.