अर्ध्या गुंठ्यातली हद्द

सकाळी सव्वासातला आमच्या कुडाळच्या फ्लॅटची बेल वाजते, तेव्हा दूधवाला येऊन गेलेला असतो, पेपरवाला बेल वाजवत नाही आणि कचऱ्याची गाडी आठला येते. उरतात ते सासरे. मालवणची पहाटेची एसटी धरून आलेले, खांद्यावर बरका फणस, मागे सासूबाई आणि त्यांच्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या बांगड्याच्या शेपट्या. मी टॉवेलवर.

"भितरसून कडी घालून निजतास? चोर येतलो काय?"

चोर परवडला. तोही कळवून येत नाही हे खरं, पण निदान ओटा तरी लावून जात नाही.

मी साताऱ्याचा, म्हणजे इकडच्या हिशेबात घाटी. बँकेने बदली केली आणि कोकणाने जावई करून घेतलं. लग्नाआधी रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'येवा, कोकण आपलाच असा' वाचून ऊर भरून यायचा. हे आपलेपण उलट दिशेनेही चालतं आणि त्यात माझा फ्लॅट धरलेला आहे, हे पाटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

सासूबाई माणूस सोन्यासारख्या. फक्त वस्तू जिथे आहे तिथे ती असू नये, असं त्यांचं ठाम मत आहे. मागच्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, त्यांनी आमचं स्वयंपाकघर पावसासाठी 'आवरलं'. सोलं, कुळथाची पिठी, आगळाच्या बाटल्या सगळं जागच्या जागी, म्हणजे त्यांच्या जागी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अर्धवट झोपेत कॉफीची बरणी उघडली, दोन चमचे उकळत्या दुधात टाकले, ढवळलं. दुधावर बारीक बारीक काळे डोळे तरंगायला लागले. सुका जवळा! हवाबंद झाकणाची घरात ती एकच बरणी, मग जवळा सादळू नये म्हणून तो तिथे आणि कॉफी कागदाच्या पुडीत. बायकोला उठवून दाखवलं, तर तिने आधी बरणीत डोकावून जवळा कोरडा आहे ना ते पाहिलं.

मग आम्ही दोघांनी गच्चीवर बैठक घेतली (घरात सासूसासरे होते). ठराव तीन झाले : कळवून यायचं, डबे हलवायचे नाहीत, बेडरूमचं दार वाजवायचं. सांगायचं कोणी, यावर तासभर गेला. "तुझे आईवडील, तू सांग." "मी सांगितलं तर आई रडेल, तू सांगितलंस तर बाबा रागावतील. राग परवडतो." हा हिशेब मला बँकेत कोणी शिकवला नव्हता.

पहिला ठराव मी भीत भीत मांडला. "कळवून पावणे येतत. आमी काय पावणे?" असं विचारून त्यांनी तो तत्त्वतः मान्य केला. पुढच्या खेपेला खरंच फोन आला. सव्वासातला. "खाली आसंय, दार उघडा."

तेव्हा मी चुकून तो शब्द वापरला. म्हटलं, "बाबा, प्रत्येक घराची एक हद्द असते..."

सासऱ्यांचा चेहरा असा काही उजळला, की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. हद्द हा त्यांचा हातखंडा विषय. चुलतभावाशी गडग्यावरून, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावरून, त्यांचं 11 वर्षं चाललं होतं. दर पावसाळ्यात गडगा ढासळायचा आणि चिरे परत रचताना तो हातभर यांच्या आवारात सरकायचा. त्यापायी जमिनीची सरकारी मोजणी त्यांना तोंडपाठ. साधी, तातडी, अतितातडी, अतिअतितातडी, हे जुने प्रकार ते भजन आळवावं तसे आळवतात. त्यांनी पेपरच्या समासात आकडेमोडच मांडली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट.

"तुमचो फ्लॅट केदो?"

"540. कार्पेट."

"अर्ध्या गुंठ्याक साडेचार फूट कमी." पेन खाली ठेवत ते खरोखर हळहळले. "त्येच्यात हद्द खय घालतलास? हयसर तुकडेबंदी लागता." आणि मला 1947 चा तुकडेबंदीचा कायदा, म्हणजे जमिनीचे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे पाडायचे नाहीत हा, समजावून सांगितला. चहा दोनदा झाला. बांगडे साफ झाले. माझी बँक उघडायची वेळ जवळ आली.

मी हट्टाने म्हटलं, "तरी पण घालायचीच म्हटली तर?"

"तर मोजणी. पण हद्द एकट्यान घालूची नसता. लगतदारांका, म्हंजे हद्दीक लागून आसलेल्या शेजाऱ्यांका, नोटीस लागता. माका दिलास, बरा केलास. तुमच्या आईक दिलास काय?"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बायको हसत होती. माझी आई साताऱ्याहून रोज तीनदा व्हिडिओ कॉल करते आणि फोन ओट्याकडे फिरवायला लावून भाजीची फोड मोठी की बारीक ते बघते. गेल्या दिवाळीत तिने तिथूनच आमच्या पडद्यांचा रंग बदलला होता. तिला नोटीस द्यावी, हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. बायकोला सुचलं असावं, कारण ती जरा जास्तच हसत होती.

साडेआठला ठरल्याप्रमाणे फोन वाजला. मी उचलायच्या आत सासऱ्यांनी तो उचलून समोर धरला. दोन्ही लगतदार समोरासमोर आले. आई म्हणाली, "अगंबाई, तुम्ही आहात होय! बरं झालं. आम्ही शुक्रवारच्या गाडीने निघायचं म्हणतोय, म्हटलं आधी याला विचारावं..."

"विचारूचा काय त्येत?" सासरे माझ्या सोफ्यावर मांडी घालत म्हणाले. "येवा, विहीणबाय, येवा. कळवूक नको."