अज्ञान पालक

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. मुलीसाठी टॅबलेट आणला तेव्हा तो तिला त्याच संध्याकाळी सुरू करून हवा होता, म्हणून मी तो माझ्याच खात्याने उघडून दिला आणि तिचे स्वतंत्र खाते सवडीने काढायचे ठरवले. ती सवड आठ महिन्यांनी मिळाली, तीही माझ्या नावाने माझ्या वरिष्ठांना एकवीस हसऱ्या चेहऱ्यांचा संदेश गेला म्हणून. सेटिंग उघडले, जन्मतारखेची चौकट समोर आली आणि मी मुलीची जन्मतारीख भरली. ती चौकट माझ्या खात्याची होती. त्या क्षणी मी सात वर्षांची झाले.

माझे खाते तत्काळ गोठवण्यात आले. ईमेल गेला, फोटो गेले, आणि पडद्यावर सूचना उमटली की पुढे जाण्यासाठी पालकांची संमती आवश्यक आहे. ज्या खात्यातून मी चौदा वर्षे पत्रव्यवहार करत आले, ते खाते सात वर्षांच्या मुलीचे ठरते, म्हणजे तिने जन्मापूर्वी सात वर्षे ईमेल पाठवायला सुरुवात केली होती, हे मान्य करताना त्या यंत्रणेला काडीचाही संशय आला नाही. मात्र तीच तारीख दुरुस्त करायला गेले की संशयच संशय! वय कमी करायला एक स्पर्श पुरतो आणि वाढवायला ओळखपत्राचा फोटो लागतो.

यामागे कायदे आहेत, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत ही मर्यादा १६ आहे आणि प्रत्येक देशाला ती १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्याने तर १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. मुलांच्या रक्षणाला माझा विरोध नाही, मी स्वतःच एका मुलीची आई आहे. पण अमेरिकेच्या नियमांत संमती पडताळण्याच्या मार्गांमध्ये सही केलेला अर्ज जसा आहे, तसेच प्रशिक्षित माणसाशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणेही आहे. तो माणूस मला कुठेही भेटला नाही. मला भेटला तो चॅटबॉट, ज्याने माझ्या गैरसोयीबद्दल तीनदा दिलगिरी व्यक्त केली आणि तिन्ही वेळा मला त्याच पानावर पाठवले, जिथून मी त्याच्याकडे आले होते.

ओटीपीची कथा थोडक्यात सांगते, कारण ती आठवली तरी डोके फिरते. पडताळणीचा अंक ‘विश्वासार्ह उपकरणावर’ पाठवला जाई. ते उपकरण म्हणजे तोच टॅबलेट, आणि तो उघडायला आधी पडताळणी हवी.

खाते परत मिळायला पाच दिवस लागले. मधल्या काळात कोणीतरी फॅक्टरी रिसेटचा, म्हणजे टॅबलेट पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याचा सल्ला दिला आणि मी तो ऐकला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! चोरीच्या उपकरणाला नवा मालक मिळू नये म्हणून रिसेटनंतरही मागच्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो. चोराला रोखायला ही सोय उत्तम आहे. पण मीच मालकीण असून मीच गोठलेली होते. पुढे खाते सुटले, पासवर्ड दिला आणि टॅबलेट पुन्हा माझ्याच नावाने उघडला.

मग मुलीचे खाते काढले. या वेळी जन्मतारीख चार वेळा वाचली. तरीही तिने आठ महिने बोटाने काढलेली चित्रे आणि खेळात पार केलेले टप्पे माझ्या खात्यातच राहिले, कारण एका खात्याचा खेळ दुसऱ्या खात्यात नेण्याची सोय त्या खेळात नाही. तिच्या लेखी मी तिचे सगळे चोरले आहे. उलट, टॅबलेटवरचे माझे फोटो काढून टाकले तर ते माझ्या फोनवरूनही गेले, कारण दोन्हीकडे साठा एकच, आणि ‘फक्त इथून काढा’ हा पर्याय तीन पडदे आत लपवलेला. एका घरात एकच टॅबलेट दोघी हाताळतात, ही जगातली सर्वांत साधी गोष्ट या लोकांना सुचतच नाही का? त्यांच्या दृष्टीने खाते म्हणजे माणूस, आणि माणूस चुकीचा नोंदला गेला तर त्यांच्याकडे दुरुस्ती नाही, फक्त पुसून टाकणे आहे.

आता तिचे खाते रीतसर बालकाचे आहे आणि मी तिची नोंदणीकृत पालक आहे. तिला नवे अ‍ॅप हवे असले की मंजुरीची विनंती माझ्या खात्यावर येते. माझे खाते अजून तिच्याच टॅबलेटवर आहे, कारण ते काढण्याचा प्रयत्न केला की पुन्हा पडताळणी सुरू होते. त्यामुळे ती विनंती पाठवते, क्षणभर थांबते आणि माझ्या नावाने स्वतःच ती मंजूर करते. माझा पासवर्ड त्या पाच दिवसांत मी इतक्या वेळा मोठ्याने उच्चारला की तो तिला पाठ झाला आहे.