शून्य माझ्या हातात होतं

परवा आमच्या गल्लीच्या नव्या सिमेंट रस्त्याचं मोजमाप झालं आणि टेपचं शून्याचं टोक धरायचा मान मला मिळाला. "सर, तुम्ही जाणकार आहात, एवढं टोक धरता का?" असं साइटवरचा अभियंता म्हणाला आणि मी फुगलो. ठेकेदाराच्या पोराने मला मेन रोड ओलांडून पलीकडच्या कडेला नेऊन उभं केलं. मागे बाभूळ, समोरून हॉर्न मारत येणारा मालाने भरलेला मेटॅडोर. मी वाकून शून्य धरलं, गच्च.

टेप 30 मीटरचा. म्हणजे तीनदा पुरा आणि एकदा दहा. पहिले तीस झाले तसं पोराने माझ्या हातून टोक काढून घेतलं. "तुम्ही बसा सर, उकडून राहिलं." मी टपरीवर चहा प्यायलो. तिथपर्यंत आरोळी आली, "शंभर! बरोब्बर शंभर!" बरं वाटलं. मग नव्या रस्त्यावरून ऐटीत घरी निघालो, आणि दारापासून पंधरा फुटांवर डावा पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेला. रस्ता संपला होता. गल्ली संपली नव्हती.

हिशेब रात्री लागला. मेन रोडचं डांबर पावणेचार मीटर, त्याला लागून पाऊण मीटर साइडपट्टी. झाले साडेचार. पंधरा फूट म्हणजेही साडेचार मीटरच. कुणाचं तरी डांबर माझ्या दारातलं सिमेंट म्हणून वहीत चढलं, आणि ते चढावं म्हणून शून्य धरून वाकलेला इसम मीच.

तर हे पंधरा फूट गेले कुठे? 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागतं. एम-20, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी. घनमीटरमागे आठ पोती धरा, 360 पोती झाली. त्याच्या खाली 10 सेंटीमीटरचा 1:4:8 चा थर, त्याची शंभरेक पोती वेगळी. त्याच्याही खाली रोलरने दाबलेला मुरूम, कारण आमची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि आपल्या अंगावर शासनाचा रस्ता आहे याचं तिला काडीचं दडपण नसतं. मुरुमाचा थर पातळ झाला की पहिल्या दोन पावसाळ्यांतच रस्ता मधोमध उभा फाटतो. मग लोक सिमेंटला शिव्या देतात. बिचारं सिमेंट.

पैसा 15व्या वित्त आयोगाचा. त्यातले 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. उरलेले 40 टक्के अबंधित, आणि त्यावर रस्ता, दिवाबत्ती, स्मशानातलं शेड असे सगळे एकदम तुटून पडतात. कुणाला किती, हे ग्रामसभेने ठरवायचं. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे गावाचे मोठे निर्णय अकरा माणसं आणि चावडीवरचं एक कुत्रं यांच्या उपस्थितीत होतात. रजिस्टरवर कुत्र्याची सही लागत नाही. परवा वाटलं, लागायला हवी. मन लावून ऐकणारं तेच एक असतं.

पण रस्ता खरा पातळ होतो तो घमेल्याने. ठेकेदाराला शिव्या देण्याआधी हे नीट समजून घ्या. मिक्सर सुरू झाला की गल्लीतल्या प्रत्येक दारातून एक घमेलं बाहेर येतं. "भाऊ, दोनच घमेले टाका ना पायरीवर." दोनच. आमच्या गल्लीत 41 घरं. त्यातून मला आणि म्हाताऱ्या आबाजींना वगळा (त्यांचा हिशेब पुढे येतो), राहिली 39. दोन-दोन प्रमाणे 78 घमेले. एका घमेल्यात दहा लिटर माल, वजनाला 24 किलो. मी एकही मागितलं नाही. तत्त्वाचा प्रश्न नव्हता. माझ्या दारापर्यंत माल आलाच नाही.

आणि आबाजींचा ओटा: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ इंच जाड. 40 घनफूट, म्हणजे 113 घमेले. बाजूला वासराची गव्हाण, तिचे नऊ. एकूण बेरीज 200, म्हणजे बरोबर दोन घनमीटर. त्याला तीन मीटर रुंदी आणि 15 सेंटीमीटर जाडीने भागलं की साडेचार मीटरला पाच-सहा सेंटीमीटर कमी लांबी निघते. तेवढी चूक मला मंजूर आहे.

काल सकाळी खातरजमा करायला घरातला शिवणाचा टेप घेऊन गेलो. आबाजी ओट्यावर मांडी घालून सुपारी कातरत होते.

"काहून बे मास्तर, ओट्याले टेप लावून राहिला?"

"जाडी पाहतो, आबाजी."

"आठ इंच हाय. म्या उभं राहून टाकून घेतला."

"रस्ता सहाचा आहे."

"मंग? रस्त्यावर कोन बसते?"

याला उत्तर नव्हतं. मी कागद काढला आणि सगळी बेरीज वाचून दाखवली, घमेल्यासकट. आबाजींनी ती कीर्तन ऐकावं तशी डोळे मिटून ऐकली.

"गव्हानीचे नऊ नाही, अकरा," ते म्हणाले. "लिहून घे."

"आबाजी, हा ओटा म्हणजे माझ्या दारातला रस्ता आहे."

"असन ना. मी कुठं नाही म्हनतो?"

"मग?"

"मंग काय? त्या पोट्ट्याले म्या इचारलं, माल उरला का? तो म्हने, उरला. घेतला."

"काम नऊला सुरू झालं. तुम्ही साडेनऊला विचारलंत. साडेनऊला कसा उरेल?"

"उरनारच होता. म्या नसता नेला तं दुसऱ्यानं नेला असता."

"सरकारी माल होता तो."

"अन् मी काय इंग्रजाचा हावो? घरपट्टी भरतो ना जी."

"शेवटची कधी भरली?"

"भरीन ना," आबाजी म्हणाले, आणि सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं. मी ते तोंडात टाकलं. ही माझी दुसरी चूक. समोरच्याची सुपारी चघळत त्याच्याशी भांडता येत नाही.

"हे पाय मास्तर," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "रस्ता काय करते? जाते. ट्रॅक्टर आला, गेला. सायबाची गाडी आली, गेली. ओटा कुठं जाते का? गावाचा पैसा गावातच राह्यला का नाही?"

"पाणी किती दिवस मारलं?" मी विषय बदलला.

"एकवीस दिवस. तीन टाइम. पोते हातरून ओले ठेवले. अन् मधात काचेची पट्टी टाकली, तडा नाही जात."

इथे माझा राग लुळा पडला, कारण म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. हल्लीचं पोत्यातलं मिश्र सिमेंट किमान दहा दिवस ओलं ठेवायचं असतं, आमच्याकडच्या उन्हात चौदा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि ओतलेल्या काँक्रीटचं पाणी सिमेंटने प्यायच्या आधी हवा पिते. वर बारीक जाळी उमटते ती त्याचीच. पहिल्या दिवशी ओली पोती, दुसऱ्या दिवसापासून मातीच्या वरंब्यांचे वाफे करून त्यांत पाणी साठवायचं, ही रीत. आमच्या रस्त्याला टँकरने दोन संध्याकाळी पाणी दिलं आणि तिसऱ्या दिवशी वरातीचा डीजे त्यावरून गेला.

दर चार-साडेचार मीटरवर आडवा सांधा कापायचा असतो, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका खोल, आणि तोही काँक्रीट आवळल्यावर काही तासांतच. आपण कापला नाही तर काँक्रीट स्वतः फाटतं, आणि त्याला सरळ रेष येत नाही. आमच्या रस्त्यावर आता विदर्भातल्या सगळ्या नद्या उमटल्यात. वैनगंगा तर फार हुबेहूब.

पाण्याचंही तेच. पोत्यामागे 25 लिटर. पण माल पातळ असला की फावड्याने पटापट सरकतो, म्हणून मिक्सरवाला नळीच लावून ठेवतो. मग वर सायीसारखा थर येतो, दोन महिन्यांत त्याची धूळ होते आणि गिट्टी दात दाखवते. तपासणीसाठी 15 सेंटीमीटरचे ठोकळे भरतात, त्यांचं मात्र काय कौतुक! त्यांचा माल वेगळा कालवतात, थर देऊन ठोकतात, 28 दिवस हौदात बुडवून ठेवतात. ते ठोकळे पास होतात, होणारच. रस्ताही ठोकळ्यांचाच बांधला असता तर नातवंडांनी वापरला असता.

ओट्यावरून उठून ग्रामपंचायतीत गेलो. तिथले ग्रामसेवक, ज्यांना गाव सचिव म्हणतं आणि शासन 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतं, माणूस सज्जन. खुर्ची दिली.

"पंधरा फूट राहिलेत," मी म्हणालो.

"कुठले सर? एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, पूर्ण शंभर मीटर चढलेत."

"प्रत्यक्षात नाहीत."

"झालेल्या रस्त्याला परत मंजुरी कशी देता येईल?"

"मग दुरुस्तीत घ्या. ठेकेदारावर दोष दुरुस्तीची जबाबदारी असते ना?"

"असते की. पण खराब झालेल्या भागाची. जो भाग झालाच नाही तो खराब कसा होईल?" हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांनाही खरंच प्रश्न पडला होता.

साडेचार मीटर म्हणजे दोन घनमीटर, म्हणजे सोळा पोती सिमेंट. सहा-साडेसहा हजार रुपयांचं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, आराखड्यात नाव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक. अंदाजपत्रकात पुन्हा स्वामित्वधन, जीएसटी, कामगार उपकर, प्रयोगशाळेची फी. आणि एवढ्याशा कामाला मिक्सर आणतो कोण? सगळ्यांनी मिळून गिळलेलं परत काढायला एकट्यानेच रांगेत उभं राहायचं.

हसण्यावारी नेतो आहे, पण रात्री पाऊस येतो तेव्हा हसू येत नाही. नवा रस्ता जुन्यावरच चढवला, खरवडला नाही. खालचा थर आणि वरचा मिळून दहा इंच उंची वाढली. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा तीन सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या नालीत पडतं. इथे मध्यच खोल. त्यामुळे 95 मीटरचं सगळं पाणी रस्त्याचीच नाली करून सरळ खाली येतं, आणि जिथे काँक्रीट संपतं तिथे माझं दार आहे. घराला तीन पायऱ्या होत्या. पुढच्या वेळी असाच थर चढला तर घरात उतरायला शिडी लागेल. नालीच्या जोडणीचं मी त्या तहकूब सभेत उभं राहून सांगितलं होतं. कुत्र्याने कान टवकारले होते.

कामाचा माहिती फलक मात्र वेळेवर आला. त्याचा खर्च अंदाजपत्रकातच असतो. योजना, रक्कम, लांबी 100 मीटर, सगळं ठळक पिवळ्या अक्षरांत. तो रस्त्याच्या शेवटी, म्हणजे माझ्या दारात रोवलाय. त्याच्या दोन पायांना दोन घमेले काँक्रीट घातलंय. माझ्या वाट्याचे दोन घमेले ते हेच. शेजारची शेळी त्याला अंग घासते, तो हलत नाही.

आज सकाळी पुन्हा आबाजींकडे निघालो. गव्हाणीचे नऊ की अकरा, हे एकदाचं पक्कं करायचं होतं. चपला हातात घेऊन माझे पंधरा फूट ओलांडले आणि ओट्यावर टेकणार, तेवढ्यात आबाजींनी काठी आडवी केली.

"पाय धुऊन ये आधी. सिमेंटाले डाग पडते."